कुणाच्या पायाला

माझ्या बायकोला वाटतं, माझ्याबद्दल तिला ठाऊक नाही असं काही उरलेलंच नाही. मीही तिच्यापुढे मान डोलावतो. पण एक गोष्ट आहे — ती तिला ठाऊक नाही, मुलांना नाही, आईला तर मी ती जाईपर्यंत कळू दिली नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्हालाच का? खरं सांगू, तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे बोलण्याएवढी छाती माझी तेव्हाही नव्हती, आताही नाही.

गोष्ट हॉकीच्या एका चेंडूची आहे. हसलात ना? हसा. मानवतलाही लोक हसायचे, आणि हसता हसता चार-चार वर्षं भांडायचे.

पंच्याहत्तर साली आपण हॉकीचा विश्वचषक जिंकलो. मानवतच्या एसटी स्टँडाजवळ हबीबचाचांचं हॉटेल होतं. तिथल्या रेडिओपुढे आम्ही शंभर जण तरी उभे होतो. चाचा निजामाच्या काळात हैदराबादला हॉकी खेळून आलेले, निदान ते तसं सांगायचे. त्या विजयानं गावाला हॉकीचा नाद लागला. कापसाच्या पेढीवरचे, शाळेतले, जिनिंगमधले, अशी पोरं गोळा करून चाचांनी संघ उभा केला. निम्म्यांच्या काठ्या बाभळीच्या होत्या. बूट कुणालाच नव्हते. आणि पुढच्या हिवाळ्यात, जिल्ह्याच्या ढालीसाठी जे सामने झाले, त्यात हा अनवाणी संघ सेमीपर्यंत जाऊन पोचला! कसा पोचला ते आम्हालाही उमगलं नाही.

मैदान जिनिंगच्या मागं होतं. कापसाचे दिवस. सरकी निघताना जे बारीक तंतू उडतात, ते वाऱ्यावर तरंगत मैदानावर यायचे, उतरायचे, पुन्हा उठायचे. दुपार कलली की ऊन पिवळं व्हायचं आणि त्या उन्हात ते तंतू हळू हळू फिरत राहायचे — खाली पडायची त्यांना काही घाईच नसायची. अजून डोळा लागला की मला तेच मैदान दिसतं. पळणारी माणसं दिसतात, पण त्यांच्या पायांचा आवाज येत नाही. चेंडू येताना दिसतो. किती हळू येतो तो! मला बाजूला सरकायला चिक्कार वेळ असतो, आणि मी सरकत नाही.

माझ्या शेजारी किसन उभा असतो. आम्ही दोघं बचावाचे गडी, मी उजवीकडे, तो डावीकडे. किसन जिनिंगमध्ये गाठी उचलायचा. त्याचं घर बौद्धवाड्यात. थोरला म्हणून हा किसन, आणि छप्पन्न सालानंतर जन्मला म्हणून धाकटा सिद्धार्थ — त्या घरात वर्ष विचारावं लागत नसे, नावावरून कळायचं. माझ्या घरची चाळीस एकर काळी जमीन, वडील गावात चार जणांत बसणारे. एरवी आमची गाठ पडली असती ती तो ओझं उतरवताना आणि मी बाजूला उभा राहून बघताना. हॉकीनं आम्हाला एका रेघेवर उभं केलं. मैदानात तो मला दिग्या म्हणायचा. मैदानाबाहेर काहीच म्हणायचा नाही, नुसता हसायचा. मला ते आवडायचं. मी स्वतःला मोठा सुधारक समजायचो, विशीत असतं तसं.

सेमी पूर्णेच्या संघाशी होती. त्यांच्याकडे बूट होते, एकसारखे बनियन होते. पंच बाहेरून आलेले, इथल्या कुणाला न ओळखणारे. शेवटची पाच मिनिटं उरली तोवर शून्याला शून्य. मग त्यांना कॉर्नर मिळाला. आम्ही गोलच्या रेघेवर उभे. बाहेरून चेंडू आला, त्यांच्या एकानं तो हातानं थांबवला (तेव्हा कॉर्नरला ते चालायचं), दुसऱ्यानं सणसणीत मारला. आमचा गोलकी पुढं धावून गेलेला, त्याच्या बगलेतून चेंडू आत निघाला. मी आणि किसन, दोघंच होतो मध्ये. काहीतरी झालं. चेंडू गोलात न जाता रेघेवरून बाहेर गेला. आणि शिट्टी वाजली. पंच किसनकडे बोट दाखवून म्हणाले, पायानं अडवला. हॉकीत गोलकी सोडून कुणाचा पाय चेंडूला चालत नाही. म्हणजे पेनल्टी स्ट्रोक — चेंडू समोर ठेवायचा, त्यांच्या एकानं मारायचा, आमच्या एकट्या गोलकीनं अडवायचा. त्यानं तो अडवला नाही. आम्ही एका गोलनं हरलो.

एवढीच गोष्ट. ही सगळ्या मानवतला पाठ आहे.

त्यानंतर हबीबचाचांच्या हॉटेलात दोन पक्ष झाले. ‘लागला’वाले आणि ‘न्हाई लागला’वाले. ‘लागला’वाल्यांचे पुढारी रंगनाथशेठ, कापसाचे अडते, सामना त्यांनी गोलपासून शंभर पावलांवर बैलगाडीत बसून पाहिला होता, पण बोलायचे असे की चेंडू त्यांच्याच मांडीवर येऊन पडला होता. दुसऱ्या पक्षाचे पुढारी स्वतः चाचा. त्यांचं म्हणणं एकच, आणि ते चहा गाळता गाळता सांगायचे, “मियाँ, मैं कान से सुना. लकडी बोली. पाँव बोलता नै.” मग रंगनाथशेठ म्हणायचे, “चाचा, तुमाला घरात बायकू बोलल्याली ऐकू येत न्हाई, अन् काठी बोलल्याली ऐकू आली व्हय?” हॉटेल हसायचं. टेबलावर बशी म्हणजे गोल, काडेपेटी म्हणजे किसन, साखरेचा खडा म्हणजे चेंडू. खडा कितीदा त्या काडेपेटीला लागला आणि कितीदा लागला नाही, याची मोजदाद नाही.

बशीजवळ दुसरी काडेपेटीही ठेवलेली असायची. ती मी. तिच्याकडे कुणी बघायचं नाही.

का बघत नव्हते? कारण माझी साक्ष झालेली होती. हो — हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी मुद्दाम मागं ठेवलं. पंचांनी बोट दाखवल्यावर किसन त्यांच्यापुढं उभा राहिला, काठी दाखवून म्हणाला, “साहेब, काठीला लागला, आईच्यान.” पंच जरा चाचरले. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “पायाला लागला का रे?”

मी म्हणालो, “लागला.”

एकच शब्द. स्वतःच्या संघाविरुद्ध, स्वतःच्या गावाविरुद्ध, शून्याला शून्य असताना. त्या एका शब्दानं मी हरिश्चंद्र झालो. हरलो त्या दिवशी चार पोरं माझ्यावर उखडली खरी, पण आठवड्याभरात वारं फिरलं. “दिगंबर खरं बोलतो, सोन्याची ढाल दिली तरी खोटं बोलायचा न्हाई,” असं रंगनाथशेठ चारचौघांत म्हणू लागले. बांधाच्या तंट्यात मला बोलावणं येऊ लागलं. पुढं मी शाळेत मास्तर झालो तर पालक पोरांना सांगायचे, गुर्जींसारखं खरं बोलावं. चाचा एकटेच माझ्याकडे कधीकधी टक लावून बघायचे, चहा पुढं सरकवायचे आणि काही विचारायचे नाहीत.

आता ऐका.

चेंडू लागला होता. पायालाच लागला होता. माझ्या.

उजव्या पायाच्या घोट्याखाली. तिथून उडून तो किसनच्या काठीवर गेला आणि काठीनं त्याला बाहेर काढलं. म्हणजे चाचांचं खरं होतं, लकडी बोलली होती. किसनचं खरं होतं. रंगनाथशेठांचंसुद्धा खरं होतं, कारण पाय होताच. आणि माझं? मीही खोटं कुठं बोललो होतो? “पायाला लागला का?” “लागला.” आपल्या भाषेत पाय कुणाचा ते सांगावं लागत नाही. कुणी विचारतही नाही. चार वर्षं सगळं गाव लागला की नाही लागला यावर घसा कोरडा करत राहिलं, आणि कुणाला लागला हे एका माणसानंही विचारलं नाही.

त्या फटीत मी किती वर्षं राहिलो म्हणून सांगू? आपण खोटं बोललोच नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की पाढ्यासारखं झालं. आणि त्यात एक गंमत आहे, वाईट गंमत. पंच वळले ना माझ्याकडे, तेव्हा मला वाटलं ते मलाच विचारतायत. मला वाटलं, सापडलो. आणि मी म्हणालो ते कबुलीच म्हणून म्हणालो होतो, शपथेवर सांगतो. निम्म्या श्वासाएवढा वेळ मी खरा माणूस होतो. मग पंचांनी किसनकडे बघून मान हलवली. माझ्या लक्षात आलं, माझा शब्द कुठं जाऊन पडलाय. तोंड उघडून फक्त एक शब्द वाढवायचा होता — माझ्या. एवढासा शब्द. तो जिभेवर आला होता की नाही, हेसुद्धा आता मला खात्रीनं सांगता येत नाही.

जे सांगता येतं ते हे. आमचा चेंडू जुना. काळ्या मातीत तो दिसेना म्हणून हाफ टाइमला त्याला चुन्याचा हात दिला जायचा. माझ्या घोट्याखाली त्या चुन्याचा ठसा उमटला होता. पांढरा, रुपयाएवढा. सगळ्यांचे डोळे किसनवर होते. मी डावा पाय उचलला आणि त्या टाचेनं उजव्या पायावरचा चुना पुसून टाकला. मग वर थोडी माती ओढली. घाबरलेला माणूस गोंधळून गप्प राहतो, ते मी समजू शकतो. पण गोंधळलेला माणूस ठसा पुसत नाही. कळ मस्तकापर्यंत जात होती आणि मी लंगडलोदेखील नाही. घरापर्यंत सरळ चालत गेलो.

पाय टम्म सुजला. आईला सांगितलं, विहिरीच्या पायरीवरून घसरलो. तिनं आंबेहळद उगाळून गरम लेप लावला, वर फडकं बांधलं. तिकडं किसन दोन दिवस स्वतःचे पाय दाखवत गावभर फिरला. हॉटेलापुढच्या ओट्यावर पाय ठेवायचा आणि म्हणायचा, “बगा की, कुटं सूज हाय का? येवढ्या जोरानं लागला आस्ता तर सुजला नस्ता का?” लोक काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, तुमच्या पायाला कशाची सूज येती रे, दगडाचे पाय तुमचे. ‘तुमचे’ म्हणजे कुणाचे, ते तुम्हाला सांगायला नको. हे मला माझ्याच घरात, लेप लावून बसलेलो असताना, कुणीतरी हसत सांगितलं. मी पाय चादरीखाली घेतला आणि हसलो.

मग अफवा उठली. किसनचा एक चुलतभाऊ चुडाव्याच्या स्टेशनात कामाला होता. आणि पूर्णा तर रेल्वेचंच गाव. दोन्हीचा मेळ घालायला कितीसा वेळ लागतो? किसननं रेल्वेतल्या नोकरीसाठी मुद्दाम पाय घातला, असं लोक म्हणू लागले. शेंबडी पोरं रस्त्यानं त्याला विचारायची, “किसन्या, लागला का?” तो शब्दच त्याचं नाव होऊन बसला.

आणि वर्षभरात खरंच त्याला रेल्वेतून बोलावणं आलं. खलाशाची जागा, म्हणजे रेल्वेतली अंगमेहनतीची नोकरी. त्यानं सामन्याच्या कितीतरी आधी अर्ज केलेला होता, सिद्धार्थनं स्वतःच्या हातानं लिहून दिलेला. महिन्याचा पगार, राहायला खोली, म्हातारपणी पेन्शन. किसन गेला नाही. त्याची आई माझ्या आईकडे निंदणीच्या कामाला यायची, तिच्याकडून कळलं. ती वाकून खुरप्याच्या पात्याला धार लावत बोलत होती. “म्हनतोय, गेलो तर लोकं म्हनतेल, बगा, घेतली का न्हाई. ज्याच्यासाटी पाय घातला न्हाई त्याच्यासाटी पाय घातला म्हनून घिऊ का, म्हनतोय. लय समजिवलं ओ. आयकतच न्हाई.” आई म्हणाली, “मूर्ख हाय.” मी ओसरीवर पेपर वाचत होतो. पेपर मी खाली ठेवला नाही. बोलावण्याची मुदत संपायला आणखी आठ दिवस होते, हे मला ठाऊक होतं. आठ दिवस मी रोज सकाळी ठरवायचो — आज हॉटेलात जायचं, टेबलावरची ती दुसरी काडेपेटी उचलायची, बशीसमोर ठेवायची. आणि रोज जायचो. आणि चहा पिऊन यायचो.

कशाची भीती होती? मार पडला नसता. जात गेली नसती, जमीन गेली नसती. फार तर चार दिवस हसले असते. एका माणसाची आयुष्यभराची भाकरी एका बाजूला, आणि माझ्यावर चार दिवस पडणारं हसू दुसऱ्या बाजूला. मी माझी बाजू सांभाळली. ह्याला दुसरं नाव असलं तर ते तुम्हीच द्या.

किसननं पुन्हा काठी हातात धरली नाही. संघही फार दिवस टिकला नाही. तो गाठी उचलत राहिला. रस्त्यात भेटला तर मी जरा लांबूनच हात करायचो. एकदा त्यानं मला दिगंबरराव म्हटलं. पुढं गुर्जी म्हणायला लागला. दिग्या कुठं हरवला, ते दोघांनीही विचारलं नाही.

ऐंशीच्या उन्हाळ्याआधी, मधल्या सुट्टीत, तो शाळेत आला. पोरं डबे खात होती. मी लिंबाखाली खुर्ची टाकून बसलो होतो, वर मोहोर आलेला, त्याचा वास होता, आणि जिनिंगकडून तंतू येत होते. किसन उन्हातून चालत आला तो मला बराच वेळ खराच वाटला नाही. डोक्याला फडकं, हातात पिशवी. सासुरवाडीला झरीला कायमचा निघाला होता. तिथं बटईनं, निम्म्या वाट्यावर, शेत मिळालं होतं. मी खुर्ची दाखवली, तो खाली पारावर बसला.

मग तो म्हणाला, “गुर्जी, जायच्या आधी येक बोलायचं व्हतं.”

मला वाटलं, ह्याला माहीत आहे. ह्यानं त्याच दिवशी पाहिलं होतं, आणि आज तो बोलणार. आणि मला — विश्वास ठेवा अगर नका ठेवू — मला सुटल्यासारखं वाटलं. बोल बाबा, म्हटलं मनात. बोलून टाक.

“मी लय इचार केला,” किसन म्हणाला. “चार वर्सं इचारच करायलोय. मला वाटतंय, लागलाच आसंल. मला कळलं नसंल तवा. काठीला लागल्याला मला आटवतोय, पर पायालाबी लागला आसंल आदी. तुमी जवळ व्हते. तुमी कामून खोटं बोलताल? तुमाला काय पडलंय? समदं गाव तुमाला खरं मानतंय. मीच तेवडा म्हनत बसलो, न्हाई लागला म्हनून. तुमाला खोट्यात काडल्यावानी झालं ते.” त्यानं हात जोडले. “ढाल माज्या पायानं गेली. माप करा, गुर्जी.”

घंटेला अजून पाच मिनिटं होती. आसपास कुणी नव्हतं. तो माणूस माझ्यासमोर बसून, माझा चेंडू स्वतःच्या पायावर घेत होता. त्याला आता काठीवर भरवसा उरला नव्हता, स्वतःच्या पायावर नव्हता, कानावर नव्हता. फक्त माझ्यावर होता.

मी खुर्चीतून उठलो. त्याचे जोडलेले हात माझ्या हातांत घेतले.

“किसन,” मी म्हणालो, “मी तुला तेव्हाच माफ केलंय.”

त्याचा चेहरा मोकळा झाला. तो पुष्कळ वर्षांनी तसा हसला, मैदानाबाहेर हसायचा तसा. पिशवी उचलून स्टँडाकडे गेला. झरीहून तो पुन्हा मानवतला आला नाही. सिद्धार्थनं बऱ्याच वर्षांनी सांगितलं, किसन गेला, शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायचा.

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मी बघत उभा होतो. आणि त्या वेळी मला काय वाटलं, ते सांगितल्याशिवाय हे सांगणं पुरं होत नाही. मला वाटलं, आपण किती मोठ्या मनाचे आहोत.